बासष्ट किलो

अंग आंबलेलं असताना वजन उचलावं की नाही, हा प्रश्न मला आजवर हजार जणांनी विचारला असेल. उत्तर मी झोपेतसुद्धा देतो. थोडंसं आंबलंय, हालचाल केली की मोकळं होतंय, तर हलकं वजन मारा, नाहीतर दुसऱ्या अवयवाचा व्यायाम करा. पण जिना उतरताना आई आठवत असेल, तर गुपचूप घरी बसा. स्नायू जिममध्ये बनत नाही. जिममध्ये तो फाटतो, आणि घरी आराम करताना बनतो. एवढी साधी गोष्ट. पण ज्या एका माणसाला ती पटायला हवी होती, त्याला काही मी ती पटवू शकलो नाही. त्याचं वाईट वाटतं म्हणणं खोटं होईल. स्वतःचा राग येतो.

तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान असलेले टेलर मास्तर. वय एकसष्ट, वजन एक्कावन्न, छाती म्हणाल तर शर्टाचा हँगर बरा म्हणायचा. एका सकाळी सात वाजता माझ्या जिममध्ये येऊन उभे राहिले. गळ्यात टेप तसाच.

"काय मास्तर, पडद्यांचं माप घ्यायला आलात?" मी म्हटलं.

"नाही सर. वजन उचलायला शिकायचंय. बासष्ट किलो. सव्वीस दिवसांत."

हे त्यांनी असं सांगितलं, की जणू पँटला अल्टरची तारीख देतायत. मला हसू आवरेना. "उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग!" मी मोठ्यानं म्हणालो, आणि बेंचवरची पोरं फिदीफिदी हसली. मास्तरही हसले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नवराच आहे मी, सर. बायकोला घरी आणायचीय." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला तेव्हा.

गोष्ट अशी होती. महिन्याभरापूर्वी त्यांच्या बायकोला झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जीव वाचला, पण इस्पितळ किती दिवस ठेवून घेणार? मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, नोकरी, दोन लहान पोरं, घर तिसऱ्या मजल्यावर. तिनं एक शुश्रूषागृह बघून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, नाही, ती घरी येईल. त्यावर इस्पितळातल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, पण घरात जो माणूस राहणार त्यानं आमच्यासमोर पेशंटला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एकट्यानं, दोनदा ठेवून दाखवायचं. तरच घरी सोडू. दिवसा मदतीला बाई मिळेल, रात्री कोण? तुम्हीच ना? मग तुम्हीच दाखवा. परीक्षेची तारीख दिली होती सव्वीस दिवसांनंतरची. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी शुश्रूषागृहाची गाडी येणार, कारण तिथली खाट त्यापुढे राखून ठेवणार नव्हते.

"पण बाई बासष्ट किलोच्या, तुम्ही एक्कावन्न?"

"नाकापेक्षा मोती जड," मास्तर म्हणाले. "लग्नातही सगळे हेच म्हणत होते."

ते मला सर म्हणायचे, मी त्यांना मास्तर. बाहेरच्याला वाटावं इथे शाळा भरते. पण शिकवायला बसलो तेव्हा कळलं, हा विद्यार्थी भारी आहे. एकदा दाखवलं की झालं. गुडघे वाकवा, पाठ सरळ, वजन अंगाला चिकटवून ठेवा, उचलायचं पायांनी. आयुष्यभर रेघेवर कात्री चालवलेला माणूस, रॉड सरळ रेघेत वर यायचा. पहिल्या दिवशी नुसता रॉड. चौथ्या दिवशी पाच-पाचच्या प्लेट लावून बघितल्या. पोरांनी फिदीफिदी सोडलं आणि त्यांच्याकडून पँटी अल्टर करून घ्यायला लागले.

व्यायाम झाला की मास्तर पाच मिनिटं खुर्चीवर टेकायचे, आणि तेवढ्यात मला त्यांचं आयुष्य हप्त्याहप्त्यानं कळत गेलं. बाराव्या वर्षी बाप वारला आणि मामानं एका म्हाताऱ्या शिंप्याकडे कामाला बसवलं. पायाचं मशीन. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा धरल्या की उठता येईना. रडायला लागले तर म्हातारा म्हणाला, "थांबलास तर आखडशील. दुखणं कामातच जिरतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसले. आठवड्याभरात दुखणं खरंच गेलं. झालं! तेव्हापासून हा माणूस दुखलं म्हणून कधी थांबला नाही. बोटात सुई आरपार गेली तर चिंधी बांधून तसाच शिवत बसला. मानेचा त्रास, कमरेचा त्रास, सगळं मशीनवर बसूनच काढलं.

लग्न झाल्यावर बायकोही दुकानात बसायला लागली. हातशिलाई, काज, बटणं, सगळं तिच्याकडे. पस्तीस वर्षं दोघं समोरासमोर, मधे मशीन. "भांडण झालं तरी उठून जायची सोय नव्हती सर," मास्तर म्हणाले, "गिऱ्हाईक समोर. मग ती बटण असं घट्ट लावायची की कापड फाटेल पण बटण निघणार नाही. त्यावरून मला कळायचं, आज राग आहे." बोलता बोलता हसले, आणि हसतानाच डोळे पुसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरं काय करणार?

आणि रोज न चुकता एक प्रश्न. "सर, आज अंग दुखतंय. उचललं तर चालेल ना?"

"नाही चालणार."

"थोडंसंच दुखतंय."

"मास्तर, कापड ताणून शिवलं तर काय होतं?"

"धुतल्यावर चुण्या पडतात."

"तसंच आहे हे. आज चालायला जा. उद्या आराम. परवा या."

ते मान डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी! काही दिवसांनी त्यांनी विचारणंच बंद केलं. मी विचारायचो, "अंग कसं आहे?" ते म्हणायचे, "फर्स्ट क्लास." मला वाटलं, शरीर रुळलं. हो, एवढी वर्षं जिम चालवणाऱ्या या अक्कलवंताला तसं वाटलं. टेप खुंटीवर अडकवताना त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मी बघितलं होतं. बघितलं, आणि म्हातारा माणूस आहे, असेल, म्हणून सोडून दिलं.

पंधराव्या दिवशी त्यांनी पंचेचाळीस किलो उचलले. पाठ सरळ, चेहरा लाल, रॉड मांडीला लागून वर. तीन सेकंद धरला आणि आवाज न करता खाली ठेवला. सगळ्या जिमनं टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली तर त्यांनी ओठ चावला. तेही मी बघितलं. म्हटलं, "आता तीन दिवस वजनाला हात लावायचा नाही. हा माझा हुकूम. मास्तर, पास झालात असं समजा. बाई म्हणजे काही निर्जीव ओझं नाही, त्यांचा एक हात, एक पाय चालतो. त्या स्वतःही थोडा जोर लावतील."

"पण बासष्ट—"

"आराम!"

तीन दिवस आले नाहीत. मी खूश. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझा एक शर्ट घेऊन दुकानात गेलो. दुकानाच्या मागेच त्यांची राहायची खोली, मधे पडदा. मास्तर समोर दिसेनात म्हणून हाक मारत पडदा सारला, आणि जागीच थिजलो.

खाटेवर एक बाई आडवी होती. गाऊन घातलेली, जाडसर, डोकं नसलेली.

मास्तर तिच्या काखेत हात घालून वाकले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी "हूं" करून तिला उचललं, वळले, आणि खुर्चीत ठेवलं. ठेवलं कसलं, दोघंही खुर्चीत कोसळले. मग घाम पुसत म्हणाले, "या सर. बसा."

गादीचं जाड कापड घेऊन त्यांनी ती शिवली होती. छाती आणि हात यांत कापडाच्या चिंध्या, कमरेत आणि मांड्यांत वाळूच्या पिशव्या. वाळू भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणलेली. खांद्याला, कोपराला, गुडघ्याला दुहेरी शिलाई, म्हणजे सांधा वाकावा. अंगात बायकोचाच जुना गाऊन, कारण कापड हातातून किती सरकतं तेही कळायला हवं. माप बघायची गरजच पडली नाही म्हणे. पस्तीस वर्षं तिचे कपडे तेच शिवत होते, सगळं तोंडपाठ.

"डोकं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते कसं शिवणार?" मास्तर म्हणाले.

मला कळेना, रडावं की ओरडावं. मी ओरडलो. म्हटलं, मी सांगतो काय, तुम्ही करता काय? रोज करता हे? तर म्हणे सकाळ-संध्याकाळ, पाचव्या दिवसापासून. जिमला यायचे त्या दिवशीही. म्हणजे मी ज्याला आराम म्हणत होतो, त्या सगळ्या वेळात हा माणूस दुखऱ्या अंगानं बासष्ट किलोची वाळू उचलत होता. "मास्तर, अति तिथे माती होते! शरीर म्हणजे काय तुमचं पायाचं मशीन आहे, तेल घातलं की चाललं?"

"सर, रॉड ताठ असतो," ते शांतपणे म्हणाले. "माणूस ताठ नसतो. माणूस घरंगळतो. रॉड उचलून मला ती कशी उचलता येईल?"

खरं सांगतो, आतून मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि तिथेच मी चुकलो. ती बाहुली तेव्हाच उसवून टाकायला हवी होती. मी नुसतं वचन घेतलं, की परीक्षेपर्यंत हात लावणार नाही. त्यांनी गळ्याची कातडी चिमटीत धरून सांगितलं, "आईशपथ." मी शर्ट ठेवून निघून आलो.

चार दिवसांनी, म्हणजे परीक्षेच्या तीन दिवस आधी, सकाळी शेजारचा किराणावाला बोलवायला आला. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मास्तर मागच्या खोलीत जमिनीवर बसलेले, पाठ खाटेला टेकवून, आणि ती बाहुली त्यांच्या मांडीवर आडवी पडलेली. तिच्याखालून त्यांना निघता येत नव्हतं. चेहरा पांढराफटक.

"फक्त एकदाच म्हटलं, बघू," ते म्हणाले. "पाठीत काहीतरी टर्रकन गेलं सर. कापड फाटल्यासारखं."

मी बाहुली बाजूला ओढली. मग मला काय झालं कुणास ठाऊक. मशीनवरची मोठी कात्री घेतली आणि तिचं पोट फाडलं. वाळू भसाभस सगळ्या खोलीभर. मी शिव्या देत होतो, त्यांना, बाहुलीला, स्वतःला, कुणाला तेच कळत नव्हतं.

"हळू, सर," मास्तर म्हणाले. "हळू जरा."

कात्री ठेवून दिली मी.

डॉक्टरनं सांगितलं, पाठीचा स्नायू फाटलाय. सहा आठवडे वाकायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. त्यांनी विचारलं, आधीपासून दुखत होतं का? मास्तर म्हणाले, थोडंसं.

मुलीनं इस्पितळाला तारीख पुढे ढकलायला विनवलं. इस्पितळ तयार होतं, पण शुश्रूषागृह नाही म्हणालं. ती खाट गेली की पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही. मास्तर म्हणाले, "ढकलायची गरजच नाही. मी येणार." मी म्हटलं, वेडे झालात काय? तर म्हणाले, "तुम्ही गाडीतून सोडणार की रिक्षानं जाऊ?" आता या माणसाशी काय बोलणार? सोडलं गाडीतून.

कमरेला पट्टा, वर इस्त्रीचा शर्ट, दुखणं मारायच्या दोन गोळ्या घेतलेल्या. व्हरांड्यात व्यायामाच्या बाई कागद घेऊन आल्या. वाचायला लागल्या, पेशंटचं नाव, वय, "आजचं वजन चव्वेचाळीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "किती?"

"चव्वेचाळीस. दोन महिने नळीवाटे जेवण आहे त्यांचं. पहिल्यापासून उतरतंच आहे. यांना माहीत आहे की."

मी मास्तरांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं? मला बासष्ट सांगितलंत! अहो, चव्वेचाळीस तुम्ही पंधराव्या दिवशी उचललंत, त्याहून जास्त उचललंत! तेव्हाच हातपाय गप्प ठेवून बसला असतात तर—"

"ती बासष्टच आहे," मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "हे इथलं वजन आहे. घरी आली, माझ्या हातचं खाल्लं, की दोन महिन्यांत भरेल. मग काय करू? तेव्हा कोण उचलणार तिला? मी घरी राहणाऱ्या बाईला उचलायला शिकत होतो सर. इथल्या वजनाची बाहुली शिवायला बसलो होतो आधी. नाही झाली माझ्याच्यानं."

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. व्यायामाच्या बाईंनी कागदावर उगाच काहीतरी लिहिलं.

आत खाटेवर त्यांची बायको बसवलेली होती. मी तिला दुकानात कितीदा पाहिलं होतं, भरल्या अंगाची, दातात दोरा धरून बोलणारी. आता गाऊनच्या आत बाई शोधावी लागत होती. मास्तरांना बघून तिचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी खुर्ची जवळ घेतली, ब्रेक लावला, तिचे पाय जमिनीवर टेकवले, स्वतःचे गुडघे वाकवले. सगळं जसं शिकवलं तसं. तिनं डावा हात त्यांच्या मानेभोवती टाकला.

उचललं त्यांनी. खाटेवरून वीतभर वर आली ती. आणि मास्तरांच्या तोंडून एक आवाज निघाला. त्यांनी दात आवळले, पाय थरथरायला लागले, पण सोडेनात. मी पुढे झालो, व्यायामाच्या बाईंनी हातानं मला थांबवलं, नियम होता. अजून एक क्षण त्यांनी धरलं असतं. कदाचित वळलेही असते.

तिनं त्यांच्या मानेवरचा हात काढला. तोच हात त्यांच्या छातीवर ठेवून त्यांना मागे ढकललं.

"नको," ती म्हणाली.

दोन महिन्यांत तिच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द, हे मुलीनं मला नंतर सांगितलं. मास्तरांनी तिला खाटेवर परत ठेवलं. तिचा गाऊन गुडघ्यावरून खाली ओढला, गळ्याशी सरळ केला. मग तिच्या शेजारी बसले आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. ती डाव्या हातानं त्यांची पाठ चोळत होती. नेमकं दुखत होतं तिथेच, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी गाडी आली. दोन माणसं आली, एकानं काखेत धरलं, दुसऱ्यानं गुडघ्याखाली, आणि आपापसात क्रिकेटचं बोलत एका झटक्यात तिला आत ठेवलं. मुलगी तिच्याबरोबर गेली.

परतताना मास्तर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला. मग म्हणाले, "सर, खरं सांगा. तुम्ही म्हणालात तसं ते तीन दिवस थांबलो असतो, पुढेही थांबलो असतो, तर आज उचललं असतं का मी तिला?"

उचललं असतंत. डोळे मिटून, हसत हसत, दोनदा काय दहादा. हे मला माहीत होतं, जिममधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. व्हरांड्यात मीच ते ओरडून बोललो होतो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, यांच्या मनावरचं ओझं तरी कमी करू. आयुष्यात मी वजनाच्या बाबतीत कुणाशी खोटं बोललो नव्हतो. बोललो.

"नाही, मास्तर. तेव्हा रागात बोलून गेलो मी. रॉड वेगळा, माणूस वेगळा, तुम्हीच म्हणाला होतात. या वयात, एवढ्या दिवसांत, ते होणारच नव्हतं. तुमची काही चूक नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. एक सिग्नल गेला, दुसरा गेला.

"असं आहे होय," ते म्हणाले. "रोज भेटीच्या वेळी मी तिला सांगायचो. आज वीस झाले. आज तीस. आज पंचेचाळीस. ती डाव्या हाताच्या बोटांवर मोजायची, अजून किती राहिले ते. होणारच नव्हतं, आणि मी तिला रोज जाऊन आशा लावत होतो."

मी तोंड उघडलं. पण आता खरं काय ते सांगायला गेलो असतो, तर कोणत्या तोंडानं? आणि खरं तरी यापेक्षा काय बरं होतं? मास्तर डोळे पुसत नव्हते, तसेच वाहू देत होते, आणि मी गाडी चालवत होतो.